काकूंची बॅटरी जाते कुठे?

"काटा थांबू दे रे. थांबला की मग बोल."

हा आवाज ग्रॅमसाहेबांच्या कानात पंचावन्न वर्षं मुक्कामाला होता. आवाज वडिलांचा. वडिलांचं छोटं किराणा दुकान होतं, आणि फळीवर हनुवटी टेकवून एक सहा वर्षांचा मुलगा तराजूकडे टक लावून उभा असायचा. दांडी अजून डुलते आहे, पारडी अजून एकमेकांची समजूत काढताहेत, तोच हा ओरडायचा, "कमी आहे! कमी आहे!" गिऱ्हाईक हसायचं. वडील हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. साखरेची मूठ तशीच हवेत धरून ते तेवढं एक वाक्य बोलायचे.

तो मुलगा मोठा होऊन वजनमापे खात्यात निरीक्षक झाला. एकतीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे काटे तपासले. मखमलीचं अस्तर लावलेल्या लाकडी पेटीत पितळी वजनं ओळीने निजवलेली असत आणि ती पेटी काखेत घेऊन ते बाजारात शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत खोकल्यांची साथ यायची. 'ग्रॅमसाहेब' हे नाव बाजारानेच ठेवलं. ते निवृत्त झाले तरी नाव कामावर राहिलं. वडिलांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग साहेबांनी जन्मभर तंतोतंत पाळला. काटा थांबल्याशिवाय ते कधी बोलले नाहीत. पण थांबल्यावर कुठे बोलावं, कुणासमोर बोलावं, हे वडिलांनी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेली गोष्ट नियमात धरत नाहीत.

आता लेकीचं प्रकरण. ते टाळून पुढे जाता आलं असतं तर साहेबांनाही बरं वाटलं असतं.

लेकीने चौदा महिन्यांपूर्वी कॉफीचं दुकान काढलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पूल ओलांडून, नऊ किलोमीटरवर. बिया भाजायच्या, दळायच्या, तोलून पुड्या बांधायच्या. साहेबांना तेव्हा निवृत्त होऊन दोन महिने झाले होते, आणि ते दोन महिने कसे गेले हे घरातल्या चमच्यांना विचारावं. उद्घाटनाला चाळीस माणसं आली. लेकीने पहिली पुडी तोलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या विरायच्या आत साहेबांनी कोटाच्या खिशातून पितळी वजन काढून काट्यावर ठेवलं.

"शंभराला एकशे आठ दाखवतोय," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "म्हणजे शंभर ग्रॅमच्या पुडीत गिऱ्हाईकाला सात ग्रॅम कमी. हा काटा वापरता येणार नाही."

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे त्यांचं बरोबर होतं.

चार दिवसांनी लेक फोनवर एकच वाक्य बोलली, "बाबा, पुन्हा दुकानात यायचं असेल तर तुमची वजनं घरी ठेवून या." साहेब म्हणाले, "एकतीस वर्षांची नोकरी म्हणजे काय चप्पल आहे, दाराबाहेर काढून ठेवायला?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून बापलेकीत शब्द नव्हता. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, दोन महिने प्रयत्न केला. साहेबांचं एकच पालुपद, "माझं चुकलं कुठे ते दाखव, आत्ता निघतो."

"चुकलं नाही हो तुमचं," काकू म्हणायच्या. "तेच तर ना."

मग त्यांनीही विषय काढणं सोडून दिलं.

तसं म्हटलं तर उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी साहेब एकटेच दुकानात फळ्या ठोकायला गेले होते. त्या संध्याकाळबद्दल ते आजवर कुणाशी बोललेले नाहीत. आपणही तूर्त ती बाजूला ठेवू.

काकूंनी विजेवर चालणारी सायकल घेतली ती लेकीचा विषय सोडल्यानंतर. गुडघे दुखतात आणि लायब्ररीत जायचं असतं, हे कारण. लायब्ररी घरापासून दोन किलोमीटर, वार मंगळवार आणि शुक्रवार. सायकल पिस्त्याच्या रंगाची, पुढे वेताची टोपली, आणि मागे कॅरिअरखाली काढता-घालता येणारी काळी बॅटरी. दुकानदार म्हणाला, किलोमीटर दाखवणारं यंत्रही बसवून देतो. काकू चटकन म्हणाल्या, "ते नको." आयुष्यभर मोजणाऱ्या माणसाबरोबर संसार केलेल्या बाईला एखादी गोष्ट बिनमोजलेली असावीशी वाटली तर त्यात नवल ते काय, असं समजून साहेबांनी ते सोडून दिलं. सोडून दिलेली त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा एकमेव गोष्ट.

बॅटरीवर चार हिरवे दिवे होते. सकाळी चार लागायचे. दुपारी काकू लायब्ररीतून परतल्या की एकच, तोही डोळे मिटायच्या बेतात.

"दोन किलोमीटर जाऊन, दोन किलोमीटर येऊन तीन दिवे?" साहेब पार्किंगमध्ये उकिडवे बसून म्हणाले. "अगं, ही बॅटरी सदोष आहे."

"असू दे ना. घरी तर आणते."

"घरी आणते हा पुरावा नाही. दिवा म्हणजे नुसतं मत झालं. मला आकडा पाहिजे."

काकूंनी टोपलीतलं पुस्तक उचललं आणि जिना चढायला लागल्या. टोपलीतून भाजल्या कॉफीचा वास आला. साहेबांच्या नाकाने तो टिपला, पण वासाला एकक नसतं, त्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

दुसऱ्या दिवशी वीज मोजायचा मल्टिमीटर घरात आला. पिवळा, दोन वायरींचा, एक लाल, एक काळी, मधोमध गोल खटका आणि खटक्याभोवती वीस खुणा. साहेबांनी त्याला देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखं दोन्ही हातांनी धरलं. दुकानाच्या उद्घाटनानंतर पहिल्यांदाच त्यांनी कोट चढवला, तोही पायजम्यावर.

पहिल्या मोजणीत बॅटरी शून्य आली. साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. शून्य. "संपली," त्यांनी जाहीर केलं. चारी हिरवे दिवे त्यांच्याकडे बघत होते. अर्ध्या तासाने कळलं की खटका घरातल्या विजेच्या खुणेवर होता आणि बॅटरीच्या विजेची खूण वेगळी असते. दुसऱ्या मोजणीत आकडा आला, पण उणे बेचाळीस. साहेब हादरलेच. ही बॅटरी वीज देत नसून घेते आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि वहीत लिहिलासुद्धा. लाल वायर काळ्याच्या जागी लागली होती, हे काकूंनी भाजी निवडता निवडता लांबूनच सांगितलं.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. लालवर लाल लावा म्हटलं, एवढंच."

तिसऱ्या वेळी आकडे नाचले. एकेचाळीस पूर्णांक आठ, नऊ, पुन्हा आठ. काटा थांबू दे रे. साहेबांनी श्वास रोखला. बेचाळीस. वजन पारड्यात अलगद बसावं तसा आकडा बसला, आणि त्यांच्या छातीत कितीतरी दिवसांनी काहीतरी जागेवर आलं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, भरलेली बॅटरी बेचाळीस व्होल्ट, बत्तिसाच्या खाली गेली की रिकामी. साहेबांनी कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. मंगळवार: जाताना बेचाळीस, येताना सदतीस. शुक्रवार: जाताना बेचाळीस, येताना सदतीसला थोडं कमी.

मग त्यांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने स्वतः सायकल चालवायचं ठरवलं. वेताच्या टोपलीच्या सायकलवर कोट घातलेले ग्रॅमसाहेब लायब्ररीपर्यंत गेले आणि परत आले. वाटेत दोन ओळखीचे दुकानदार सवयीने खोकले. घरी येऊन मोजलं तर एकेचाळीस पूर्णांक चार. म्हणजे व्होल्टसुद्धा धड खर्च झाला नव्हता.

"तुझं वजन किती आहे गं सध्या?" त्यांनी काकूंना विचारलं.

"घरातला काटा तुम्हीच तपासलाय. मग मला कशाला विचारता?"

वजनाचा हिशोब उलटा लागत होता. साहेब काकूंपेक्षा अठरा किलोने जड. जड माणसाला बॅटरी कमी लागते आणि हलक्याला जास्त? दुसऱ्या कुणाला एव्हाना वेगळीच शंका आली असती. पण साहेबांनी उभा जन्म काट्यावर संशय घेतला होता, घरच्या माणसावर कधी नाही. हा त्यांचा भाबडेपणा म्हणा, नाहीतर त्यांच्या स्वभावातला सगळ्यात मऊ कोपरा म्हणा.

काकूंना सगळं दिसत होतं. त्या तक्त्याकडे बघायच्या आणि तोंड उघडून परत मिटायच्या. सकाळी सायकल बाहेर काढताना गुणगुणायच्या. ओवी कुठली जुनी नव्हे, त्यांनीच जुळवलेली:

वाट सांगते चाकाला, चाक बोलेना कुणाशी,
मन पोचलं केव्हाच, जीव अडला उंबऱ्याशी.

"चाक का बोलत नाही? त्यात तेल घालू का?" साहेबांनी विचारलं.

"घाला," काकू म्हणाल्या.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. सेक्रेटरींनी नोटीस लावली: 'पार्किंगमध्ये विजेच्या कोणत्याही वस्तूची तपासणी करण्यापूर्वी लेखी अर्ज करावा. बॅटरी लिफ्टमधून नेऊ नये.' साहेबांनी अर्ज केला. सेक्रेटरींनी तो परत पाठवला, कारण 'तपासणीचे प्रयोजन' हा रकाना रिकामा होता. साहेबांनी प्रयोजन लिहिलं, 'सत्यशोधन'. तेही परत आलं. शेवटी साहेब तीन किलो चारशे ग्रॅमची बॅटरी उचलून तीन मजले चढले आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर तपासणी सुरू झाली.

वरच्या मजल्यावरचे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक कपात साखर मागायला आले आणि तिथेच बसले.

"व्होल्ट कसले मोजताय साहेब? व्होल्ट म्हणजे माणसाची उंची झाली. उंचीवरून ताकद कळते का?"

"मग काय मोजू?"

"करंट मोजा, करंट! किती दम आहे तो कळेल. लाल वायर त्या दुसऱ्या भोकात घाला, दहा लिहिलंय बघा, आणि लावा तशीच बॅटरीला."

सोमवारची दुपार होती. काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. साहेबांनी लाल वायर दुसऱ्या भोकात घातली, कोटाची बटणं लावली आणि दोन्ही टोकं बॅटरीला टेकवली.

जे झालं ते काटा थांबायची वाट बघत बसलं नाही. फट् असा आवाज झाला, निळी-पांढरी ठिणगी उडाली, लाल वायरीचं टोक मेणासारखं वितळलं आणि फरशीवर लिंबाएवढा काळा डाग पडला. प्राध्यापक साखर न घेताच दारापर्यंत पोचले होते.

"तुम्ही सांगितलंत तसंच केलं!" साहेब म्हणाले.

"मी रसायनशास्त्राचा हो," प्राध्यापक म्हणाले. "हे भौतिकशास्त्रात येतं."

बॅटरीचं बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही. काकू ओला टॉवेल हातात धरून दारात उभ्या होत्या. साहेबांना लागलं का ते त्यांनी आधी बघितलं, बोटं उलटीपालटी करून. मग त्यांनी त्या चार विझलेल्या दिव्यांकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "उद्या मंगळवार."

"लायब्ररीच ना? मी पुस्तक बदलून आणतो, त्यात काय एवढं."

"नको. वाचून नाही झालं."

साहेबांनी बॅटरी कपाटावर ठेवून दिली. चार्जर लावून बघायचा धीर त्यांना झाला नाही. त्यांनी कंपनीला फोन लावला. कंपनीने एक बटण दाबायला सांगितलं, मग दुसरं, मग एका बाईचा गोड आवाज आला आणि गेला. तिसऱ्या दिवशी फॉर्म आला. त्यात नववा प्रश्न होता: 'आपण बॅटरीच्या टोकांना कोणतेही उपकरण जोडले होते काय? होय / नाही.'

"नाही लिहा," सेक्रेटरी म्हणाले. या कामी ते मदतीला धावून आले होते. "सगळे नाहीच लिहितात."

एकतीस वर्षं लोकांना खरं लिहायला लावणाऱ्या माणसाने 'होय' वर खूण केली, आणि सोबत तारीखवार व्होल्टांचा तक्ता, ठिणगीचं वर्णन आणि डागाचा व्यास जोडला. उत्तर आठवड्याने आलं: 'वॉरंटी रद्द झाली आहे. इतकी तपशीलवार माहिती आम्हाला प्रथमच मिळाली. आभार.'

मधल्या दिवसांत घर फार शांत होतं. मंगळवार गेला. शुक्रवारी साहेब उठले तेव्हा काकू बाहेर जायचे बूट घालून खिडकीशी बसल्या होत्या. कुठे निघाल्या नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या. तासाभराने त्यांनी वाकून, गुडघा धरून, एकेक बूट काढला. साहेबांनी ते बघितलं. आपण काहीतरी फार मोठं मोडलं आहे, आणि ते बॅटरीपेक्षा मोठं आहे, असं त्यांना वाटून गेलं. किती मोठं, ते मोजायला काही हाताशी नव्हतं. टेबलावरचं लायब्ररीचं पुस्तक त्यांनी उगाच उघडलं. खूण पान चौतीसवर होती. आठ महिन्यांपूर्वी पुस्तक पुढे सरकत नाही अशी तक्रार करताना काकूंनी त्यांना दाखवलं होतं तेव्हाही ती चौतीसवरच होती.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, ते बॅटरी पिशवीत घालून पुलाजवळच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान एका पन्नाशीच्या बाईंचं होतं. हात कोपरापर्यंत काळे, आवाज मोठा. त्यांनी बॅटरी घेतली, चार्जर लावला, मिनिटभर थांबल्या. चार हिरवे दिवे एकामागून एक लागले.

"आत एक कार्ड असतं काका. झटका बसला की ते बॅटरी वाचवायला दार बंद करून घेतं. चार्जर लावला की उघडतं. घरी लावून नाही बघितला?"

साहेबांनी मान खाली घातली. म्हणजे अकरा दिवस. उगाच.

"पण ती सदोष आहे," ते पुटपुटले. "चार किलोमीटरला पाच व्होल्ट खाते."

बाईंनी बॅटरी उलटी केली आणि खालचा पिस्ता रंगाचा ओरखडा बघितला. "अहो, ही तर टोपलीवाल्या काकूंची! चार किलोमीटर कसले? चढाचा पूल आहे मधे. जाऊन येऊन अठरा तरी होत असतील. त्या मानाने फार गुणी बॅटरी आहे. काकू दर मंगळवारी, शुक्रवारी हवा भरायला थांबतात इथे. मागच्या तिन्ही वेळी आल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?"

लायब्ररी पुलाच्या अलीकडे होती. पुलाच्या पलीकडे काय होतं हे साहेबांना चौदा महिने माहीत होतं.

घरी आल्यावर त्यांनी बॅटरी टेबलावर ठेवली. काकूंनी दिव्यांकडे बघितलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे, आणि पदराला हात पुसत खुर्चीवर बसल्या.

"बॅटरीला काही झालेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी लेकीकडे जात होते. दुपारी ती जेवायला बसते तेवढा वेळ गल्ल्यावर बसते मी. तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही वही काढलीत."

साहेबांच्या तोंडून जे निघालं ते हे: "काटा बदलला का तिने?"

आणि त्यांनी स्वतःच जीभ चावली.

"दुसऱ्याच दिवशी," काकू म्हणाल्या. "तुमच्याच खात्याचा शिक्का आहे त्यावर."

"माझं काही... विचारते?"

"दर वेळी. बाबांनी या आठवड्यात काय मोजलं, म्हणते. मी सांगते आणि आम्ही हसतो. मग ती हसायची थांबते."

शुक्रवारी सकाळी साहेबांनी सायकल काढली. वजनांची पेटी त्यांनी टेबलावर काकूंच्या समोर ठेवली आणि कोटही खुंटीवर राहू दिला. नुसत्या सदऱ्यात ते कुणीतरी दुसरेच दिसत होते. काकू म्हणाल्या, "चढाला जोर लावू नका, बॅटरी नेते." खरंच, पुलाच्या चढावर ती त्यांना पाठीवर हात ठेवून कुणी न्यावं तसं घेऊन गेली. इतके दिवस ही बॅटरी काय वाहत होती ते साहेबांना तिथे कळलं आणि पुलावर वारा नसतानाही डोळ्यांना पाणी आलं.

दुकानात चौघंजण रांगेत होते. साहेब पाचवे. कॉफीचा वास आला आणि या वेळी त्याची नोंद झाली. लेक एक पुडी काट्यावर ठेवत होती. तिने वर बघितलं आणि तिचा हात तसाच राहिला. मग नजर पुन्हा खाली गेली. एकेक गिऱ्हाईक गेलं. मागे आणखी तिघं येऊन उभी राहिली.

"बोला," ती म्हणाली. परक्याशी बोलावं तसं. मग तिची नजर त्यांच्या रिकाम्या हातांकडे गेली आणि आवाज जरा बदलला. "काही तपासायचंय?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. मागची बाई म्हणाली, "काका, थोडं लवकर हं."

निघताना त्यांनी ठरवलं होतं की लेकीला आत बोलावून, एकटीला सांगायचं. पण त्या दिवशीही माणसं होतीच की.

"तुझ्या उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी," साहेब म्हणाले, आणि आवाज नको तेवढा मोठा निघाला, बाजारातला, "फळ्या ठोकून झाल्यावर मी तुझा काटा तपासला होता. आठ ग्रॅमचा फरक मला तेव्हाच कळला होता. तू घरीच होतीस. फोन केला असता तर रात्रीतून दुसरा काटा आला असता." ते थांबले. काटा कधीच थांबला होता. चौदा महिन्यांपूर्वी. "मी मुद्दाम नाही सांगितलं, बाळा. दोन महिने मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं येणार होती."